वानराने नेलेला पटका

माझ्या नावापुढे जी दोन अक्षरे लागतात, ती खरे म्हणजे माझ्या थोरल्या भावाची आहेत. त्याला घरातच नव्हे, सगळ्या गावात दादा म्हणत. वडील गेले तेव्हा मी बिगरीत होतो आणि दादा मराठी चौथीत. तो माझ्यापेक्षा हुशार होता, हे आमचे गुरुजी पुढे कितीतरी वर्षे मला ऐकवीत. तेरावा झाल्यावर त्याने आपली पाटी ओल्या फडक्याने पुसली, माझ्या हातात दिली आणि तो औतामागे गेला. मोहोळच्या अलीकडचे आमचे गाव. तिथून मी सोलापूरच्या शाळेत, मग पुण्याच्या कॉलेजात गेलो, आणि आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. झालो. मला कोणी घरचे विचारले की मी सांगे, "थोरले बंधू मला वडिलांच्या जागी आहेत." वाक्य खरे होते. पण मी ते इतक्या ठिकाणी इतक्या वेळा सांगितले की ते माझ्या तोंडचे राहिले नाही, दुसऱ्या कोणालाही वापरता येण्यासारखे झाले. त्याचे काय झाले ते लिहितो.

सोलापुरात प्रांतसाहेबांच्या कचेरीत मी उमेदवार कारकून म्हणून लागलो, तेव्हा दादाने वहिनींकडून पेटी उघडवून घेतली आणि आपल्या लग्नातला जरीकाठी पटका बाहेर काढला. तो त्याने स्वतः माझ्या डोक्याला बांधला. मागे सरकून पाहिले, सोडला, पुन्हा बांधला.

"सायबाम्होरं हुबं ऱ्हायाचं तर डोस्कं झाकल्यालं पायजे," तो म्हणाला. "बोडक्या डोक्याचा गडी घरात मयत झाल्यावानी दिसतो."

हे त्याने थट्टेने म्हटले नव्हते. आमच्याकडे घरात कोणी गेले की पुरुष डोक्याला काही बांधत नाहीत. सुतक फिटले की एखादा वडीलधारा त्याच्या डोक्याला नवे पागोटे बांधतो, आणि मग तो माणूस पुन्हा चारचौघांत मिसळतो. बोडके डोके पाहिले की कोणी काही विचारीत नाही. फक्त आवाज खाली आणतात.

त्या हिवाळ्यात प्रांतसाहेब दौऱ्यावर निघाले. बरोबर कचेरीचे मुख्य कारकून म्हणजे शिरस्तेदार, मी आणि शिपाई. अक्कलकोट संस्थानाच्या हद्दीला लागून असलेल्या एका गावाबाहेर, ओढ्याकाठच्या चिंचांखाली आमचे तंबू पडले. गावात मराठी आणि कानडी एकाच वाक्यात बोलत. पलीकडच्या काठाने थोडे गेले की वहिनींच्या माहेरची वाडी लागे, हे मला ठाऊक होते. सवड झाली की जाऊन यायचे असे मी मनाशी ठरवले होते. दौऱ्याच्या शेवटी मला कायम करायचे की घरी पाठवायचे, हे साहेब ठरवणार होते. साहेब कोणावर ओरडत नसत, पण पोशाखाच्या बाबतीत फार कडक. कोटाची वरची गुंडी उघडी दिसली म्हणून त्यांनी माझ्या आधीच्या उमेदवाराला घरचा रस्ता दाखवला होता.

चिंचांवर वानरांचा कळप होता. गावातले लोक त्यांना कधी दगड मारीत नसत. शनिवारी मारुतीच्या देवळापुढे त्यांना खोबरे-फुटाणे मिळत. त्यामुळे ती माणसाला भीत नव्हती. उलट आम्हीच त्यांच्या गावात पाहुणे आलो आहोत, अशा नजरेने ती आमची पाहणी करीत. पहिल्याच सकाळी साहेबांच्या तंबूच्या शेंड्यावर कळपाचा म्होरक्या, एक कानफाटका हुप्प्या, जाऊन बसला आणि कापडावरून घसरत खाली आला. मग पिलांनी रांग लावली. साहेब आतून म्हणाले, "कोण आहे?" शिपायाने अदबीने उत्तर दिले, "कोई नै साब, बच्चे हैं."

दुसऱ्या दिवशी शिरस्तेदारांची पानाची चंची गेली. हुप्प्याने फांदीवर बसून पाने खाल्ली, सुपारी एकेक करून खाली टाकली, चुन्याची डबी उघडून चाटली, तोंड वेडेवाकडे केले आणि रिकामी चंची नेमकी शिरस्तेदारांच्या अंगावर फेकली. तिसऱ्या दिवशी एका पिलाने माझ्या तांबड्या शाईच्या दौतीत हात बुडवून एका शेतकऱ्याच्या अर्जावर पंजा उमटवला. शिरस्तेदार अर्ज उन्हाला धरून म्हणाले, "शिक्का झाला. आता हे प्रकरण मारुतीच्या दप्तरी."

शिरस्तेदार पन्नाशीचे, विनोदी, मनाने फार चांगले. मला ते नावाने कधी हाक मारीत नसत.

"ग्रॅज्युएट, तो जरीचा पटका पेटीत ठेवत जा. वानराला चकाकणारं आवडतं."

मी म्हणालो, "जनावर भुकेपुरतंच चोरतं, रावसाहेब. कापड त्याच्या काय कामाचं? पुस्तकात आहे तसं."

"त्यांनी वाचलंय का ते पुस्तक?" ते म्हणाले.

त्याच सकाळी मी ओढ्यावर डोके धुवायला गेलो. पटका घडी घालून एका ठेंगण्या खोडावर ठेवला. डोळ्यांत शिकेकाई गेली होती. उघडले तेव्हा पटक्याचे एक टोक चिंचेवर होते आणि दुसरे अजून खोडावर, आणि मधला सगळा पटका सरसर वर चालला होता. मी टोक धरायला धावलो. हुप्प्याने वरून एक हिसडा दिला, आणि मी पाण्यात बसलो.

शिपाई धावत आला, वर पाहून म्हणाला, "बाबूजी, वो तो उप्पर लेको बैठ्या है." आम्ही फुटाणे दाखवले, केळी दाखवली. हुप्प्याच्या बायका खाली आल्या, केळी घेऊन गेल्या. तो स्वतः जागचा हलला नाही. त्याने पटका गळ्यात घेतला, जरीचा काठ दातांनी उसवला आणि आमच्याकडे पाहत सावकाश चावू लागला.

चावडीत हद्दीच्या भांडणाची सुनावणी थोड्या वेळाने सुरू व्हायची होती आणि कागद मला वाचायचे होते. माझा दुसरा रुमाल सोलापुरात परटाकडे होता. शिरस्तेदारांकडे एक जादा पगडी होती. पण डोक्यावरचे बांधणे पाहून माणसाची जात ओळखण्याचे ते दिवस, त्यांची ब्राह्मणी पगडी माझ्यासारख्या कुणब्याच्या डोक्यावर म्हणजे सगळी चावडी सुनावणी सोडून मलाच पाहत बसली असती. शिपायाचा तांबडा फेटा सरकारी. गावच्या वाण्याकडे एक पांढरी गांधी टोपी होती. सोलापुरात नुकताच मार्शल लॉ होऊन गेला होता आणि त्यात त्या टोपीवरून काय काय झाले ते सगळ्यांना ठाऊक होते. ती घालून मी साहेबांपुढे उभा राहिलो असतो तर नोकरीचा प्रश्नच उरला नसता. शिरस्तेदारांनी माझ्या ओल्या डोक्याकडे पाहिले आणि म्हणाले, "चला. तुम्ही फक्त बोलू नका."

साहेबांनी मान वर केली. नजर माझ्या डोक्यावर थांबली.

"हे काय?"

"घरी वाईट झालंय, साहेब," शिरस्तेदार हळू आवाजात म्हणाले. "निरोप उशिरा, आज सकाळीच पोचला. कामाचा खोळंबा नको म्हणून हे तसेच आले."

साहेबांचा चेहरा एकदम बदलला. "वडील?"

"वडील लहानपणीच गेले, साहेब," मी म्हणालो. एवढे तरी खरे होते. मी इथेच थांबायला हवे होते, किंवा इथूनच पुढे खरे बोलायला हवे होते. पण वानराने पटका नेला हे वाक्य, भरल्या चावडीत, पुस्तकाचा दाखला देऊन झाल्यावर, माझ्या तोंडातून निघेना.

"मग?"

शिरस्तेदार अडखळले. मग त्यांना माझे वाक्य आठवले. "थोरले बंधू. ते यांना वडिलांच्या जागी होते."

'होते' हा शब्द मी ऐकला आणि मान खाली घातली. बोडक्या माणसाने मान खाली घातली, की त्याला कोणी दुसरे काही विचारीत नाही.

साहेब म्हणाले, "बसून वाचा." त्यांनी आजवर कोणा कारकुनाला बसून वाचायला सांगितले नव्हते. मी बसलो आणि वाचले. हद्दीचे दगड, बांध, बाभळी, काय वाचले ते आठवत नाही.

सुनावणी संपल्यावर गावचे पाटील उठले. पांढऱ्या मिशांचे, एका डोळ्याने अधू. ते शिरस्तेदारांना म्हणाले, "तेरावं झालं का?"

"झालं."

"आन् पागोटं कुणी बांधलं न्हाय?"

"नोकरी, पाटील. निरोप आज आला, घरी जाता आलं नाही."

पाटलांनी घराकडे माणूस पिटाळला. नवे कोरे पागोटे आले, अजून खळीचा वास येत होता. "इकडं ये, तम्मा," ते मला म्हणाले. कानडीत धाकट्या भावाला तम्मा म्हणतात. मी पुढे झालो. त्यांनी पेच घातले, एक चुकला म्हणून सोडून पुन्हा घातला. दादाने घातले होते तसेच. "गाव कोनचं तुजं? भाऊ शेती करायचा?" मी गावाचे नाव सांगितले. हो म्हणालो. चावडीच्या कडेला बसलेला एक म्हातारा गावाचे नाव ऐकून उठला आणि वहाणा तिथेच टाकून निघून गेला. तेव्हा माझ्या ते ध्यानात आले नाही, कारण मी वर पाहत होतो. चावडीमागच्या पिंपळावर कानफाटका येऊन बसला होता. दादाच्या लग्नातला पटका त्याच्या गळ्यात लोंबत होता. पाटलांच्या अधू डोळ्याची बाजू तिकडे होती, आणि बाकीचे सगळे माझ्याकडे पाहत होते. तो आणि मी, दोघेच एकमेकांना पाहत होतो.

मी तंबूत येऊन पडलो. नवे पागोटे काढायचे धैर्य झाले नाही आणि डोक्यावर ठेववेना. शिरस्तेदार आत डोकावले. "ग्रॅज्युएट, वेळ निभावली. आता विसरा."

दुपार कलल्यावर शिपाई ओढ्यापलीकडून दूध घेऊन आला. पलीकडच्या वाडीत मोठी रडारड चालली आहे, असे त्याने सांगितले. तिथली एक लेक मोहोळकडे दिलेली, तिचा शिकलेला दीर सरकारी कचेरीत. तिचा नवरा गेल्याची बातमी चावडीवरून एक म्हातारा घेऊन आला. बाप, भाऊ, चुलत्या, सगळे गाडी जुंपून होटगी स्टेशनाकडे निघाले आहेत. रात्रीच्या गाडीने पोहोचतील.

मी पागोट्यानिशी साहेबांच्या तंबूकडे पळालो. दारावरच्या दुसऱ्या शिपायाने अडवले तरी आत शिरलो. उद्या सकाळी माझ्या वहिनींचे माहेर आमच्या दारात गळा काढणार होते. त्या धडधाकट नवऱ्याची भाकरी थापत असतील, आणि त्यांचा बाप त्यांच्या हातांतल्या बांगड्यांकडे पाहील. दुसरे काही मला दिसत नव्हते.

"साहेब, माझा भाऊ जिवंत आहे," मी म्हणालो. "पटका वानराने नेला. मी खोटे बोललो."

साहेबांनी लेखणी खाली ठेवली. मागोमाग आलेले शिरस्तेदार काही बोलू लागले, तसा मी म्हणालो, "यांना मीच तसे सांगितले होते."

साहेब शिरस्तेदारांकडे पाहत म्हणाले, "बी.ए. झालेल्या माणसाला एवढी युक्ती सुचत नाही."

मी रजा मागितली. मिळाली नाही. तार करू का, म्हणून विचारले, आणि विचारतानाच कळले की आमच्या गावात तार येणे हीच मृत्यूची बातमी. ती वाचायच्या आधीच घर रडायला बसले असते. साहेब म्हणाले, "माझा घोडा घेऊन शिपाई होटगीला जाईल, त्याच गाडीत बसेल. तुम्ही पत्र लिहून द्या. कायम करायचं की नाही ते मी मागाहून बघेन. आधी भावाला जिवंत करा."

पुढचे मला नंतर कळले. शिपायाने त्यांना होटगीच्या फलाटावर गाठले आणि तुमचा जावई खुशाल आहे म्हणून शपथेवर सांगितले. कोणी विश्वास ठेवीना. चावडीत प्रांतसाहेबांसमोर बांधलेले पागोटे खोटे, आणि हा घोड्यावरून आलेला शिपाई खरा, हे कसे मानायचे? पत्र होते, पण वाचणारा कोणी नव्हता. ते रडत रडत गाडीत बसले आणि शिपाई त्यांच्या शेजारी समजावीत बसला. पहाटे आमच्या दारात उतरले तेव्हा दादा शेणाची पाटी घेऊन गोठ्यातून बाहेर येत होता. सासरे त्याला पाहून मटकन खाली बसले. वहिनी बाहेर आल्या, भाऊ रडतोय असे पाहिले, आईच गेली असे समजल्या आणि त्यांनीही हंबरडा फोडला. मग गुरुजींना बोलावले, आणि माझी सगळी पत्रे जशी वाचीत तसेच हेही त्यांनी ओसरीवर, जमलेल्या सगळ्यांपुढे, मोठ्याने वाचले.

ते असे वाचले जाणार हे लिहिताना मला ठाऊक होते. एरवी मी दादाला शाळेत शिकवलेल्या रीतीने लिहीत असे, 'आपण' म्हणून, मोठमोठ्या शब्दांत, गुरुजींना बरे वाटावे म्हणून. त्या दिवशी तसे लिहवेना. पत्र वहिनींनी पेटीत जपून ठेवले होते. ते समोर ठेवून उतरून घेतो.

दादा,

पाया पडतो. तू जिवंत आहेस. हे तुला सांगावे लागते आहे, याची लाज वाटते. पण आज इथे मी गप्प राहिलो म्हणून तू मेलास असे ठरले, आणि तुझी सासरची माणसे रडत तुझ्याकडे निघाली आहेत. गुरुजी, कृपा करून हे आधी वहिनींना वाचून दाखवा: तुमच्या माहेरी सगळे सुखरूप आहेत, कोणाला काही झालेले नाही. चूक माझी आहे.

तुझा पटका वानराने नेला. मी डोके धुताना तो खोडावर ठेवला होता. पेटीत ठेव म्हणून मला सांगितले होते, मी ऐकले नाही. साहेबांसमोर बोडक्याने उभा राहिलो. लोकांना वाटले घरी मयत आहे. कोण गेले असे विचारले तेव्हा तुझे नाव निघाले, कारण तू मला वडिलांच्या जागी आहेस असे मीच सगळ्यांना सांगून ठेवले होते. मी नाही म्हणालो नाही. वानराने फजिती केली हे सांगायची लाज वाटली, आणि तू मेलास हे ऐकून घ्यायची वाटली नाही. असा तुझा शिकलेला भाऊ आहे.

इथल्या पाटलांनी माझ्या डोक्याला नवे पागोटे बांधले. खरे सांगायला आणि ते परत द्यायला आत्ताच त्यांच्याकडे जाऊन आलो. मला वाटले शिव्या देतील. ते एवढे हसले की त्यांना ठसका लागला. मग मला म्हणाले, तम्मा, वानराकडं मागायचं सोडून मरणाकडं पागोटं मागितलंस व्हय? त्यांनी माझ्या डोक्यावरचे सोडवले, झटकले, स्वतःच्या हाताने पुन्हा घडी घातली, आणि म्हणाले, हे आता जित्या भावाला दे. ते शिपायाबरोबर पाठवतो आहे. तू बांध. अपशकुन वाटत असेल तर बांधू नको, पण टाकू नको.

मला आता पागोटे नाही. दौरा संपेपर्यंत बोडक्यानेच काम करायचे असे साहेबांनी सांगितले आहे, आणि कोणी विचारले तर उत्तर मीच द्यायचे आहे. पाटलांकडून येताना वाटेत वाण्याने विचारले, दूधवालीने विचारले. मी सांगितले, वानराने नेला. पहिल्यांदा सांगायला जड गेले. दूधवाली म्हणाली, माझं तर लुगडं नेलं होतं.

नोकरी टिकेल की नाही माहीत नाही. नाही टिकली तर मी घरी येईन आणि तू म्हणशील ते काम करीन. त्या पटक्यातला एक तुकडा, जरीचा काठ उसवलेला, चिंचेखाली पडला होता. तो मी उचलून कोटाच्या खिशात ठेवला आहे. बाकीचा अजून वर त्याच्याकडेच आहे. सकाळपासून तो गळ्यात घालून हिंडतो आहे, आणि दादा, त्याला तो माझ्यापेक्षा शोभतो.

सासरेबुवांना न जेवता परत पाठवू नको. वहिनींना म्हणावे, पोळ्या करा.

तुझा,
धाकटा